अनोळखी व्यक्तीला पाहून बालक आईमागे लपते

समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाच्या मुली माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा एक प्रश्न ठरलेला असतो. कधी तो मुलीचा असतो, बहुतेकदा सोबत आलेल्या आईचा. "मॅडम, हिला दत्तक संस्थेत सोशल वर्करची नोकरी मिळतेय. पण ही फार हळवी आहे हो. पोरांचा लळा लागणार, मग ती पोरं निघून जाणार. हिला झेपेल का?"

पूर्वी मी यावर लगेच काहीतरी शहाणपणाचं बोलायचे. आता मेघनाची गोष्ट सांगते. नाव बदललंय, गाव बदललंय, आणि बाळाचे तपशील ओळख पटणार नाही असे फिरवलेत. लिहायला तिने परवानगी दिली आहे.

मेघना आली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. वडील एसटीत कंडक्टर, घर कराडकडे, एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण, पुण्यात केलेलं. एका विशेष दत्तक संस्थेत, म्हणजे दत्तक जाईपर्यंत बाळं जिथे सांभाळतात तिथे, लागून दीड वर्षाहून थोडे दिवस जास्त झाले होते. खुर्चीवर नीट टेकायच्या आधीच म्हणाली, "राजीनामा लिहून ठेवलाय. फक्त तारीख टाकायची राहिलीय." रात्री तीनला जाग यायची, ती पुन्हा डोळा लागायचा नाही. डबा तसाच परत न्यायची.

"काय झालं?"

"काहीच नाही. एका मुलाने मला ओळखलं नाही."

त्या मुलाला आपण बाळू म्हणू. मेघना रुजू झाली तेव्हा तो आठ महिन्यांचा होता. आधी कागद अडकले, मग हृदयाच्या तपासण्या निघाल्या, असं करत तो वीस महिन्यांचा होईपर्यंत संस्थेतच राहिला. तिच्याच ओढणीला धरून तो पहिली पावलं चालला. मग त्याला आईबाबा मिळाले. सहा महिन्यांनी मेघना फॉलो-अपसाठी, म्हणजे मूल रुळलंय का ते बघायला, त्यांच्या घरी गेली, तर बाळू तिला पाहून नव्या आईच्या मागे लपला. बिस्किटाचा पुडा पुढे केला, तर रडायलाच लागला.

इथे माझी चूक सांगते. मी तिला म्हटलं, थोडं अंतर ठेवायला शीक. बाळांच्या खोलीत कमी जा, ऑफिसचं काम जास्त बघ. आमच्या व्यवसायात हा सल्ला इतका सरावाचा आहे की तो देताना डोकं वापरावं लागत नाही.

ती तीन आठवड्यांनी आली, आणखी वाळलेली. सल्ला तिने तंतोतंत पाळला होता. एका आयाबाईंनी शेवटी विचारलं, "ताई, पोरांवर रागावलात का?" मग हिशेब माझ्या ध्यानात आला. दहा बाळांच्या संस्थेला सहा आया मंजूर असतात. तीन पाळ्या लावल्या की एका वेळी दोन. एकीच्या हातात बाटली, दुसरीच्या हातात लंगोट, आणि बाकीची आठ बाळं छताकडे बघत पडलेली. तिथे ज्या एका माणसाला मूल उचलून घ्यावंसं वाटतं, त्याला मी लांब राहा म्हणून सांगितलं होतं. मी तिची माफी मागितली. समुपदेशकाने माफी मागितली की समोरच्याला जरा अवघडायला होतं, तीही अवघडली.

मग मी तिला एक साधं काम दिलं. आठवडाभर कामाचा प्रत्येक तास लिहून काढायचा, कुठे गेला ते. वही आली. बाळांसोबतचे तास चौथा हिस्सासुद्धा भरले नाहीत. बाकी सगळा वेळ मोठी माणसं आणि कागद. 'मला मुलं आवडतात' म्हणून या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलींना मी हे आवर्जून सांगते.

टाकलेलं मूल आलं की चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे (अशा मुलांचे निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) हजर करायचं, जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत वर्तमानपत्रात फोटोसह जाहिरात द्यायची, नातेवाईक सापडतात का ते बघायचं. दोन वर्षांच्या आतल्या मुलासाठी दोन महिने, त्यावरच्यासाठी चार, या मुदतीत ते 'लीगली फ्री' व्हावं, म्हणजे कायद्याने दत्तकासाठी मोकळं व्हावं, म्हणून पोलीस ठाण्याचे आणि समितीचे खेटे घालायचे. बाळाचा अभ्यास अहवाल, वैद्यकीय अहवाल, सगळं 'कारा'च्या, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या, पोर्टलवर चढवायचं. मुलाची माहिती दिसल्यावर पालकांकडे होकार कळवायला 48 तास असतात. त्या 48 तासांत काही जोडपी रात्री अकरालाही फोन करतात. कित्येक वर्षं वाट बघितलेली असते, त्यांचंही चुकत नाही. मग दत्तकपूर्व संगोपनासाठी मूल घरी देणं, आदेशासाठी प्रकरण तयार करणं (2022च्या सप्टेंबरपासून कायद्याने हा आदेश जिल्हाधिकारी देतात, पूर्वी न्यायालय द्यायचं), आणि मूल घरी दिल्यापासून दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी घरी जाऊन अहवाल.

होम स्टडीबद्दल, म्हणजे मूल दत्तक मागणाऱ्यांच्या घरी जाऊन केलेल्या चौकशीबद्दल, मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण मेघनाच्या वहीत सगळ्यात जास्त खाडाखोड त्या पानांवर होती. कागदपत्रं आल्यावर साठ दिवसांत ही गृहभेट आणि अहवाल पुरा व्हावा लागतो. आपल्याकडे त्या भेटीला नकळत मुलगी बघण्याच्या कार्यक्रमाची कळा येते. नवे पडदे, कांदेपोहे, सोफ्यावर ताठ बसलेले नवरा-बायको, आणि दारातून डोकावणारी शेजारीण. सोशल वर्करला पगार, कर्ज, आजारपण विचारावं लागतं. मूल का होत नाही, त्याचं दुःख निवलंय का, हे विचारावं लागतं. दत्तक आहेस हे मुलाला कधी आणि कसं सांगणार? तुम्हा दोघांना काही झालं तर कोण सांभाळेल? आणि आजी हळूच म्हणते, "तेवढं जरा गोरंगोमटं बघा हं." ते हसून सोडून द्यायचं की अहवालात लिहायचं? माझं मत, लिहायचं.

मेघनाने एकदाच 'शिफारस नाही' असं लिहिलं होतं. घर उत्तम, नोकऱ्या पक्क्या. चहा करायला बाई उठल्या, ही पाठोपाठ स्वयंपाकघरात गेली. गॅसकडे तोंड करून त्या म्हणाल्या, "मला नकोय हो मूल. यांच्या आईसाठी चाललंय सगळं." नवरा-बायकोशी वेगवेगळं बोलायचं ते एवढ्यासाठीच. त्या बाईंचं नाव पुढे न करता तिने अहवाल लिहिला आणि पुढचा आठवडाभर कुणाकुणाचे फोन झेलले. त्या प्रसंगाने तिची झोप गेली नव्हती. हे मी मनात नोंदवून ठेवलं, कारण हळवी मुलगी असं करू शकत नाही असं तिच्या घरच्यांना वाटत होतं.

चौथ्या भेटीत एक वेगळीच गोष्ट निघाली. एकोणीस वर्षांची एक मुलगी मावशीबरोबर येऊन समितीपुढे बाळ सरेंडर करून, म्हणजे दत्तकासाठी सोपवून, गेली होती. अशा आईला समजावून सांगणं हे सोशल वर्करचंच काम. सही केली तरी फेरविचाराला साठ दिवस आहेत, बाळ ठेवायचं असेल तर कुठली मदत मिळू शकते, तिचं नाव कुणाला कळणार नाही, हे सगळं न घाबरवता सांगायचं. आईची गुप्तता हा या कामाचा पायाच आहे. 1863 मध्ये फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं तेव्हाही तो होता. तर ही मुलगी 54व्या दिवशी परत आली. बाळ न्यायला.

"आणि मला राग आला, मॅडम," मेघना म्हणाली. "तिचंच बाळ. आम्हीच तिला सांगितलेलं, ये म्हणून. आणि मला वाटलं, कशाला आली ही?"

बाळूसाठीच्या रडण्यापेक्षा मला या वाक्याची काळजी वाटली. या कामात तिघांची बाजू धरायची असते, बाळाची, जन्मदात्रीची आणि दत्तक घेणाऱ्यांची. सोशल वर्कर मनातल्या मनात बाळाची आई झाली की उरलेल्या दोन्ही बाजू तिला परक्या वाटू लागतात. पुढे तिच्या हातून न्याय होत नाही, आणि ते तिलाही कळत नाही. मेघनाला कळलं होतं, आणि लाज वाटत होती. या लाजेबद्दल तिने दीड वर्षात कुणाशीही बोललं नव्हतं. संस्थेत बैठका व्हायच्या त्या 'पोर्टलवर किती पेंडिंग' एवढ्यापुरत्या. मनाचं पेंडिंग विचारणारं कुणी नव्हतं.

मग मी बाळूच्या पाठवणीच्या दिवसाबद्दल विचारलं. ती बराच वेळ गप्प. त्या दिवशी तिने रजा टाकली होती. बघवणार नाही म्हणून. एक वर्ष कडेवर खेळवलेल्या पोराला तिने ना 'जा' म्हटलं होतं, ना नव्या आईच्या हातात दिलं होतं. निरोप झालाच नव्हता, आणि सहा महिन्यांनी ती तोच अर्धवट निरोप पर्समध्ये घालून फॉलो-अपला गेली होती.

"त्या भेटीचा अहवाल लिहिलास ना? काय लिहिलंस, आठवतंय?"

मुलांची नावं, फोटो, कागद बाहेर दाखवता येत नाहीत, आणि ती याबाबत कडक होती. तिने नाव वगळून तोंडपाठ सांगितलं. वजन वाढले आहे. लसीकरण पूर्ण. भाषा वयानुसार. मग पुढचं वाक्य: "अनोळखी व्यक्तीला पाहून बालक आईमागे लपते. आईशी जवळीक चांगली निर्माण झाली आहे."

मी काही बोलले नाही. तिनेच ते वाक्य पुन्हा एकदा म्हटलं, हळू. मग रडली नाही, चिडली. "म्हणजे मीच ना ती अनोळखी व्यक्ती? मग मी कोण होते त्याची? चालायला मी शिकवलं त्याला!"

"चालतोय का तो?"

"धावतो," ती म्हणाली. आणि नाक पुसता पुसता हसली.

त्या एका तासाने सगळं सुटलं, असं झालं नाही. झोपेसाठी मी तिला डॉक्टरांकडे पाठवलं. आणखी चार भेटी झाल्या. दुसऱ्या दोन संस्थांमधल्या सोशल वर्कर आणि ती अशा तिघी आता महिन्याच्या एका शनिवारी भेटतात, मुलांची नावं न घेता अवघड प्रसंग एकमेकींपुढे मांडतात. हे खरं तर संस्थांनीच करायला हवं. पगाराचं मी काही करू शकले नाही. अठरा हजारांच्या आसपास होता, वर्षावर्षाचा करार. "लग्नाचं बघताना काय सांगायचं, दुसऱ्यांची पोरं सांभाळते म्हणून?" या तिच्या आईच्या प्रश्नावरही माझ्याकडे तोडगा नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्षात जागा निघाली की अर्ज कर, एवढं सुचवलं. ही अडचण लळ्याइतकीच खरी आहे, आणि मुलीला इकडे पाठवणाऱ्यांनी तिचा हिशेब आधीच करावा.

अंतर ठेवण्याचा माझा सल्ला आम्ही दोघींनी मोडीत काढला आणि उलट ठरवलं: पाठवणीला रजा घ्यायची नाही. आठ-दहा दिवस आधीपासून बाळाला आईबाबांचा फोटो रोज दाखवायचा. त्या दिवशी अंघोळ आपण घालायची, आणि बाळ आपल्या हाताने आईच्या हातात द्यायचं. सोबत त्याची रोजची गोधडी द्यायची, तीही न धुता. एका नव्या आईने त्या वासाला नाक मुरडलं, तेव्हा मेघनाने तिला सांगितलं, "राहू द्या चार दिवस. तुमच्या घरात त्याच्या ओळखीचं एवढंच आहे."

राजीनामा कुठे गेला, मी विचारलं नाही. सहा महिन्यांनी ती बाळूच्या दुसऱ्या फॉलो-अपला गेली. संध्याकाळी फोन आला.

"मॅडम, दार त्यानेच उघडलं. मला बघितलं आणि आत ओरडत पळाला, आई, पाहुणे आले!"

"मग?"

"मग काय, पाहुण्यांसारखा चहा घेतला."

"अहवालात?"

"लिहिलं. बालक घरी आलेल्या पाहुण्यांची वर्दी आईला देते."