ऑफिसचा जुना पीसी: दुरुस्ती की नवा?

प्रश्न: ठाण्यात नौपाड्याला आमचं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. टॅली, एक्सेल आणि ब्राउझर, एवढंच काम. सातव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅमचा पीसी रडतखडत चालतो. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (वेगवान डिस्क) टाकून भागेल का?

उत्तर: वेग वाढेल, पण खरी अडचण वेगळी आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट थांबले, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. अशिलांचे पॅन आणि बँकेचे तपशील असलेल्या मशीनवर ही जोखीम नकोच. नवा घ्या.

आय-३ पुरेल. मात्र नावाच्या शेवटी 'एफ' असलेला घेऊ नका. त्यात ग्राफिक्स नसतं, वेगळं कार्ड लावल्याशिवाय मॉनिटर काळाच राहतो. रॅम १६ जीबी, पण ८-८ च्या दोन पट्ट्या. एकाच पट्टीत मेमरीचा वेग अर्धा होतो. कोटेशनवर नुसतं 'एसएसडी ५१२' असेल तर 'एनव्हीएमई' (एसएसडीचा जास्त वेगवान प्रकार) लिहून घ्या.

यूपीएस ६०० व्हीएचा चालेल. लाईट गेल्यावर टॅलीचा डेटा बिघडतो, तो यामुळे वाचेल. लेझर प्रिंटर मात्र त्याला जोडू नका: आतला हीटर तापताना एकदम करंट ओढतो आणि यूपीएस ट्रिप होतो.