जोडी सुचत नाही

दिवाळी संपली की दहावीच्या पालकांचं एक वाक्य मला हमखास ऐकू येतं. "मॅडम, बाकी विषय बरे आहेत, वर्गसमीकरणात अडकते. मधलं पद फोडायला जोडीच सुचत नाही तिला. डोकं कमी पडते का?" म्हणून एका मुलीविषयी लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नागपुरात प्रतापनगरातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत ती आईबरोबर आली. आई म्हणाल्या, "काल एका गणितावर तासभर बसली, मग रडूनच राहिली." मी वही मागितली. क्ष² − ६क्ष + ४ = ० या गणिताखाली खोडरबरने इतकं घासलं होतं की कागद विरून मागची ओळ दिसत होती.

"इथे काय खोडलंस?"

"चुकलेल्या जोड्या."

"किती होत्या?"

"खूप मॅडम. संपतच नाहीत."

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचाराने चालते. मूल कुठे चुकलं यापेक्षा चुकताना ते स्वतःला काय सांगतं, तिकडे माझा कान असतो. ही स्वतःला सांगत होती, "हुशार पोरांना बघताक्षणी दिसतं. मला दिसत नाही, म्हणजे मी ढ." दोन भेटी आम्ही या वाक्यावर बोललो, पण नुसत्या बोलण्याने ते हललं नाही. 'तू ढ नाहीस' हे तिला घरीदारी सगळ्यांनी सांगून झालं होतं.

तिसऱ्या भेटीत मी खोडरबर बाजूला ठेवायला लावला आणि ६क्ष² − क्ष − २ = ० दिलं. ६ आणि −२ यांचा गुणाकार −१२, मधल्या पदाचा सहगुणक −१. म्हणजे जोडी अशी हवी की गुणाकार −१२ आणि बेरीज −१ येईल. "जोडी शोधू नकोस बेटा. १२ च्या सगळ्या जोड्या लिही, चुकीच्यासुद्धा."

१ आणि १२. २ आणि ६. ३ आणि ४. पेन थांबलं.

"पुढे?"

"पुढे ४ आणि ३. ती तर झाली." तिने मान वर केली. "मॅडम, तीनच आहेत?"

तीनच. गुणाकार ऋण, म्हणून चिन्हं विरुद्ध. बेरीज −१ हवी, म्हणून −४ आणि ३. पुढचं तिने एका दमात केलं. २क्ष(३क्ष − २) + १(३क्ष − २), यातला १ ती एरवी विसरायची, तोही लिहिला. (३क्ष − २)(२क्ष + १) = ०, म्हणून क्ष = २/३ किंवा −१/२.

मग मी ते विरलेलं पान उघडलं. ४ च्या जोड्या दोनच, १ आणि ४, २ आणि २. दोन्ही संख्या ऋण घेतल्या तर बेरीज −५ किंवा −४. −६ कुठेच नाही. ती बराच वेळ पानाकडे बघत राहिली. "म्हणजे जोडी नव्हतीच?"

पूर्णांकांत नव्हतीच. विवेचक, म्हणजे सूत्रात वर्गमुळाखाली येणारी संख्या, ३६ − १६ = २०, तो पूर्ण वर्ग नाही. ते गणित सूत्राने सोडवायचं होतं, उत्तर ३ ± √५. नसलेली जोडी शोधत पोर तासभर रडली, आणि दोष मात्र स्वतःच्या डोक्याला देत होती. तिला भीती गणिताची नव्हती, न संपणाऱ्या शोधाची होती. इतकी वर्षं हे काम करूनही मला हे तोवर इतकं स्वच्छ दिसलं नव्हतं. त्या संध्याकाळी घरी जाताना फुटाळा तलावावर गाडी थांबवली आणि थोडा वेळ नुसती उभी राहिले.

पालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. 'सोपं तर आहे' म्हणू नका. अडकलेल्या मुलाला त्यातून 'तरी तुला येत नाही' एवढंच ऐकू जातं. 'किती गणितं झाली?' ऐवजी 'किती जोड्या तपासल्या?' असं विचारा. चुकलेली जोडी काट मारून राहू द्या, ती परत तपासावी लागत नाही. प्रश्नात 'अवयव पद्धतीने' असं म्हटलं असेल तर जोडी सापडणारच, यादी पुरी करायची. तसं म्हटलं नसेल तर यादी संपताच सूत्राकडे वळायचं, रडत बसायचं नाही. आणि सुरुवातीलाच उजवीकडे शून्य आहे ना, ते बघायला शिकवा. गुणाकार शून्य असला तरच दोहोंतला एक अवयव नक्की शून्य असतो. गुणाकार ६ असला तर तसं काहीच म्हणता येत नाही.

मागच्या आठवड्यात आईचा फोन आला. "मॅडम, ही पोट्टी समासात सारं चुकीचंच लिहून राहिली. चालते का?"

"चालतं," मी म्हटलं, "फक्त तो समास खोडायला लावू नका."