गाडी विकली, पण आरसीवर नाव अजून तुमचंच: नोटीस, विमा आणि सुपुर्दगी

ताई, तुमची अडचण मला समजली ती अशी. इंदूरच्या सुदामा नगरमधून तुम्ही वॅगन-आर देवासच्या गृहस्थांना विकलीत, पूर्ण पैसे घेतलेत, मालकी बदलाच्या फॉर्म 29 (आरटीओला विक्रीची सूचना) आणि 30 (नाव बदलायचा अर्ज) वर कोऱ्या सह्या दिल्यात. दोन महिने झाले तरी त्यांनी गाडी नावावर केली नाही, आणि मध्ये त्यांच्या हातून एका स्कूटरवाल्याला धडक बसली. आता क्लेम्स ट्रिब्युनलची (अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या न्यायाधिकरणाची) नोटीस तुमच्या नावे आलीय. विमा कंपनी म्हणते, गाडी विकलीत, आमचा संबंध संपला. खरेदीदार म्हणतो, पुढचा भाग चेपलाय, तुमच्या नावाने क्लेम टाका. पॉलिसी मात्र अपघाताच्या दिवशी चालू होती.

तीच तुम्हाला तारणार आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 2(30) प्रमाणे ज्याच्या नावावर नोंदणी, तो मालक. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार प्रकरणात हेच धरलं: गाडी किती का हात फिरलेली असेना, जखमी माणसाने विक्रीची साखळी शोधत हिंडायचं नाही, आरसीवरचं नाव जबाबदार. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका निकालात तर नाव बदलायची खरेदीदाराची 30 दिवसांची मुदतही संपली नव्हती, तरी विकणाराच अडकला. म्हणजे ‘मी विकली’ एवढं सांगून ट्रिब्युनलमधून सुटका नाही. स्टॅम्पवर ‘यापुढची सर्व जबाबदारी खरेदीदाराची’ असं लिहिलं असेल, तर ते तुम्हा दोघांपुरतं. भरपाई द्यावी लागलीच तर त्याच्या आधारे खरेदीदाराकडून वसुली मागता येते, जखमीला ते बांधील नाही.

पण ज्या खुंटीला तुम्ही बांधल्या गेलात, त्याच खुंटीला कंपनीही बांधलेली आहे. कलम 157 प्रमाणे गाडीबरोबर पॉलिसीचा थर्ड पार्टी भाग (गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीचा विमा) आपोआप खरेदीदाराकडे गेला असं मानतात. त्याने 14 दिवसांत कंपनीला कळवायचं असतं, न कळवल्याने जखमीचा हक्क बुडत नाही (जी. गोविंदन प्रकरण, 1999). 2011 च्या पुष्पा ऊर्फ लीला प्रकरणात ट्रक विकलेला होता, नवी पॉलिसीही जुन्या मालकाच्याच नावे काढली होती, तरी पैसे विमा कंपनीनेच भरायचे ठरले. तेव्हा काउंटरवरच्या माणसाचं तोंडी ‘नाही’ ऐकून परत येऊ नका. नोटीस आणि पॉलिसीची प्रत जोडून लेखी पत्र द्या, पोच घ्या.

नोटिशीवरची तारीख चुकवायची नाही. गैरहजर राहिलात तर एकतर्फी आदेश होतो. वकिलाकडून जवाब-दावा (लेखी उत्तर) दाखल करा, त्यात विक्रीची तारीख, पैसे कसे आले आणि ताबा कधी दिला ते लिहा. खरेदीदार आणि विमा कंपनी पक्षकार नसतील तर करून घ्या. आणि चालवणाऱ्याच्या लायसन्सची प्रत आजच मिळवा. खरी मेख तिथेच असते. लायसन्स नसेल किंवा संपलेलं असेल, तर कंपनी जखमीला पैसे देऊन नंतर पॉलिसीवर ज्याचं नाव आहे त्याच्यामागे वसुलीला लागते, आणि पॉलिसीवर नाव तुमचं आहे.

चेपलेल्या बॉनेटचा क्लेम ही वेगळी गोष्ट. 157 ची आपोआप बदली फक्त थर्ड पार्टीपुरती आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी खरेदीदाराचा कंपनीशी करारच नाही (कम्प्लीट इन्सुलेशन्स प्रकरण, 1996). कोणी 2020 चा सुरेंद्र कुमार भिलावे निकाल दाखवेल. तिथे ट्रकचा विक्री-करार झाला होता, पण फायनान्सरची एनओसी (ना हरकत पत्र) आलेली नव्हती, नोंदणी जुन्याच नावावर होती, आणि कंपनीला पैसे द्यावे लागले. म्हणून क्लेम अगदीच निकालात निघालेला नाही. तरी फॉर्मवर ‘गाडी माझ्याच ताब्यात होती’ असं लिहू नका. विक्री झाली हे स्पष्ट लिहा, नाकारलं तर लेखी कारण मागा. हवं तर त्यानंतर वर्षभरात भोपाळच्या विमा लोकपालाकडे तक्रार करता येते, फी लागत नाही. माझं मत विचाराल तर त्या बॉनेटसाठी तुम्ही एवढी यातायात करू नये. दुरुस्ती खरेदीदाराची, खर्चही त्याचाच.

पोलीस ठाण्यातून कलम 133 खाली ‘गाडी कोण चालवत होतं’ अशी विचारणा येईल. उत्तर लेखी द्या, सोबत ताबा-पावती (गाडीचा ताबा दिल्याचा सहीचा कागद) जोडा. गाडी जप्त असेल तर सुपुर्दगीसाठीही (खटला चालू असताना कोर्टाच्या आदेशाने गाडी परत ताब्यात घ्यायला) नोंदणीकृत मालक म्हणून तुम्हालाच बोलावतील. इथे घाई करू नका. त्यासाठी द्यायच्या हमीपत्रात, म्हणजे सुपुर्दनाम्यात, सहसा ‘विकणार नाही, मागितली की हजर करीन’ अशी अट असते. सही करून गाडी पुन्हा खरेदीदाराच्या हवाली केलीत, की ती हजर करायची जबाबदारी तुमची, गाडी मात्र देवासला. नाव बदलायची परवानगी कोर्टाकडून मिळू शकते का ते वकिलाला विचारा, आणि मगच सही करा.

कोऱ्या फॉर्मबद्दल: त्यावर तारीख नसली की एजंट गाडी तिसऱ्याला, चौथ्याला फिरवतो आणि शेवटी सोयीची तारीख टाकतो. फॉर्म 29 दोन प्रतींत, खरेदीदाराचं नाव, पत्ता आणि तारीख घालूनच द्यायचा. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. तुमची मुदत गेली, तरी आता फॉर्म 29 ची माहिती भरलेली प्रत पत्रासोबत नायता मुंडलाच्या आरटीओत देऊन पोच घ्या. त्याने आरसीवरचं नाव बदलत नाही, पण पुढच्या प्रत्येक भांडणात हा कागद कामाला येतो. खरेदीदार दुसऱ्या राज्यातला, धुळे-जळगावकडचा असता तर फॉर्म 28 ची एनओसीही लागली असती. फायनान्सची नोंद किंवा चलान बाकी असेल तर काम तिथेच अडतं, आधी ते पाहा.

ताबा-पावती केली नसेल तर आता दोघांच्या सहीने करा, पण तारीख आजचीच घाला, मागची नको. मजकुरात गाडी नंबर, चेसिसचे शेवटचे पाच आकडे, ओडोमीटर आणि ‘अमुक तारखेला संध्याकाळी 6.40 वाजता चावी व आरसीसह ताबा दिला’ असं वेळेसकट लिहा. त्याच दिवशी अपघात झाला तर मिनिटांवर वाद होतो. कागद हिंदीत करा, देवासच्या ठाण्यात तुमची मराठी कोण वाचणार!

एवढं करूनही नाव बदललं नाही आणि पॉलिसी संपत आली, तर थर्ड पार्टी पॉलिसी तुम्हीच भरा. 1 जून 2022 पासूनच्या दराने 1000 सीसीपर्यंतच्या खासगी कारला 2,094 रुपये, त्याच्या वर 1500 सीसीपर्यंत 3,416, जीएसटी वेगळा. विकलेल्या गाडीचा विमा आपण भरायचा हे जिवावर येतं खरं, पण विम्याविना अपघात झाला तर भरपाईचा आकडा लाखांत जातो. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मात्र तुमचा, गाडीचा नाही. गाडी त्यांच्या नावावर झाली की कंपनीकडून त्याचं पत्र मागून घ्या, पुढच्या गाडीला तीन वर्षांच्या आत वापरता येतं. आणि फास्टॅग आजच बंद करा, तो अजून तुमच्या खात्यातून टोल कापत असेल.