बाहेरच्या गॅरेजमध्ये सर्व्हिस केली, म्हणून वॉरंटी जाते का?

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक बावीस महिन्यांची आहे, २४ हजार किलोमीटर झाले आहेत. तिन्ही फ्री सर्व्हिस शोरूमला केल्या, त्यानंतरची एक घराजवळच्या गॅरेजमध्ये. आता स्टिअरिंग अचानक जड होतं आणि डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा पिवळा दिवा लागतो. वर्कशॉपवाले म्हणतात, "बाहेर सर्व्हिस केलीत, वॉरंटी संपली." हे बरोबर आहे का? (वाचक, सांगली)

उत्तर : नाही. हे उत्तर निमूटपणे ऐकून घेऊ नका. ऑईल बदलल्याने स्टिअरिंगची इलेक्ट्रिक मोटर बिघडत नाही. गॅरेजने स्टिअरिंग कॉलम उघडला असता किंवा हॉर्नसाठी तिथली वायर तोडली असती, तर गोष्ट वेगळी होती.

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा कार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला आणि एकूण २,५४४ कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजना मिळू न देणं, हा त्यातला मुख्य आक्षेप होता. त्याच आदेशात वॉरंटीबद्दलही स्पष्ट म्हटलं आहे : बाहेर काम करून घेतलं एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. आदेशावर पुढे अपिलं झाली, त्यामुळे केवळ त्याच्या छायाप्रतीवर विसंबू नका. पण 'बिघाडाचा आणि बाहेरच्या कामाचा संबंध दाखवा' हे मागणं ग्राहक कायद्याच्या दृष्टीनेही रास्त आहे, आणि तुमचं सगळं बळ त्यातच आहे.

आता करायचं काय? गाडी वर्कशॉपला लावताना जॉबकार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या : 'स्टिअरिंग जड होते, दिवा लागतो.' 'जनरल चेकअप' एवढंच लिहू देऊ नका. स्कॅनर लावल्यावर जे फॉल्ट कोड (बिघाड सांगणारे सांकेतिक क्रमांक) निघतील त्यांची प्रिंट मागा. ती देत नसतील तर स्क्रीनचा फोटो काढा. कोड पुसण्याआधी हे व्हायला हवं, नंतर काहीच उरत नाही. वॉरंटी नाकारत असतील तर नकार कारणासह लेखी मागा. पुष्कळदा प्रकरण इथेच वळण घेतं, कारण तोंडी 'नाही' म्हणणाऱ्याला कागदावर कारण लिहिणं अवघड जातं.

वॉरंटी देते कंपनी. डीलर फक्त क्लेम पाठवतो. त्यामुळे ईमेल थेट कंपनीच्या ग्राहक विभागाला करा आणि डीलरला प्रत ठेवा. त्यात सतरा अक्षरी चॅसी नंबर, खरेदीची तारीख, किलोमीटर, जॉबकार्ड नंबर, फॉल्ट कोड आणि बाहेरच्या सर्व्हिसचं बिल जोडा. शेवटी एकच वाक्य लिहा : 'बाहेर झालेल्या कोणत्या कामामुळे हा भाग बिघडला, ते तांत्रिक कारणासह १५ दिवसांत लेखी कळवावे.' तोवर अशी गाडी चालवत राहू नका; वळणावर स्टिअरिंग जड झालं तर जिवावर बेतेल. गाडीवाचून अडत असेल तर पैसे भरून काम करून घ्या, पण बिलाच्या दोन्ही प्रतींवर 'हक्क राखून रक्कम भरली' असं लिहून सही करा आणि काढलेला जुना भाग ताब्यात घ्या. पैसे तुम्ही भरलेत, भाग तुमचा आहे. पुढे तपासणीची वेळ आली तर तोच पुरावा ठरेल.

प्रश्न : बीएस-६ डिझेल एसयूव्ही आहे. गॅरेजवाले म्हणतात, कंपनीच्या खोक्यातलाच फिल्टर घ्यायची गरज नाही, ऑईलही त्यांच्याकडचं चालेल. ऐकावं का? (वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : फिल्टरबाबत ते अर्धे बरोबर आहेत, ऑईलबाबत मात्र सावध राहा.

कार कंपन्या बहुतेक फिल्टर, ब्रेक पॅड, बेल्ट स्वतः बनवत नाहीत, पुरवठादारांकडून घेतात. तोच पुरवठादार बऱ्याचदा तोच भाग स्वतःच्या खोक्यात बाजारात विकतो, पुण्यात नाना पेठेत गेलात तर दोन्ही खोकी शेजारी-शेजारी दिसतील. असा भाग घ्यायला हरकत नाही. मात्र खोक्यावरचा पार्ट नंबर आणि तुमच्या मॉडेलचा, इंजिनचा, सालाचा मेळ बसला पाहिजे. 'बसतो' म्हणजे 'चालतो' नव्हे. ऑईल फिल्टरचे आटे सारखे असले तरी आतला बायपास व्हॉल्व्ह (फिल्टर चोंदला तर तेलाला वाट देणारी झडप) किती दाबाला उघडतो ते वेगळं असू शकतं. तेल परत खाली जाऊ न देणारं रबर हलकं असेल तर सकाळी स्टार्ट केल्यावर काही क्षण इंजिन कोरडं खडखडतं. छपाई फिकट, एमआरपी किंवा बॅच नंबर गायब आणि दर निम्मा असेल, तर तो डुप्लिकेट समजून परत करा.

आता ऑईल. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ असतो. काजळी गरम होऊन जळून जाते, पण ऑईलमधल्या धातूच्या रसायनांची राख जळत नाही, ती तिथेच साठत जाते. म्हणून या इंजिनांना कमी राखेचं ऑईल लागतं. मॅन्युअलमध्ये ते बहुधा एसीईए (ऑईलचा युरोपीय दर्जा) सी२ किंवा सी३ असं लिहिलेलं असतं. डब्यावर नुसतं '५डब्ल्यू-३०' बघून घेतलेलं जुन्या डिझेलचं ऑईल पातळपणात जुळेल, राखेत जुळणार नाही. पुढे डीपीएफ चोंदला आणि बिलावर चुकीचा ग्रेड निघाला, तर कंपनीचा नकार योग्यच ठरेल. डीपीएफची किंमत पाहता, ऑईलच्या डब्यात वाचवलेले पैसे कितीतरी पटीने जातील.

तेल भरताना अंदाज नको. मॅन्युअलमधलं फिल्टरसकटचं माप घ्या, भरून झाल्यावर गाडी सपाट जागी काही मिनिटं थांबवून डिपस्टिक बघा. पातळी वरच्या खुणेपलीकडे जाता कामा नये. डीपीएफ साफ होताना थोडं डिझेल ऑईलमध्ये उतरतं आणि पातळी आपोआप वाढते; रोज चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्यांनी दर पंधरा दिवसांनी काडी बघावी. ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा टाकायला सांगा. त्याची किंमत किरकोळ आहे, पण जुना वॉशर दाबला जात नाही, मेकॅनिक बोल्ट जास्त आवळतो आणि इंजिनच्या तळाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या ऑईल चेंबरचे आटे जातात. तो खर्च वॉरंटीत बसत नाही आणि बसूही नये.

बिल जीएसटीचं घ्या. त्यावर गाडीचा नंबर, तारीख, किलोमीटर, ऑईलचं नाव, ग्रेड, किती लिटर आणि फिल्टरचा पार्ट नंबर हवा. 'सर्व्हिस केली, ४५०० रु.' असल्या चिठ्ठीला काही किंमत नाही. रिकाम्या डब्याचा आणि खोक्याचा फोटो काढून ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुदत : 'किलोमीटर किंवा महिने, जे आधी पूर्ण होईल ते'. गाडी कमी फिरली म्हणून वर्षाची सर्व्हिस दीड वर्षाने केली आणि इंजिनमध्ये गाळ सापडला, तर स्पर्धा आयोगाचा आदेशही तुम्हाला वाचवणार नाही.

प्रश्न : बाहेरून जादा वॅटचे हेडलाईट बल्ब, मोठा हॉर्न आणि टचस्क्रीन बसवली. आता पॉवर विंडो बंद पडली. वॉरंटी मागता येईल? (वाचक, नागपूर)

उत्तर : मागता येईल, पण बाजू कमकुवत आहे. एच-४ बल्बचा हायबीम मुळात ६० वॅटचा, म्हणजे १२ व्होल्टला ५ अँपिअर. १०० वॅटचा बल्ब तेच ८ अँपिअरच्या वर नेतो. वायर आणि होल्डर तेवढ्यासाठी बनलेले नसतात. होल्डर वितळतो, मग स्विच किंवा कंट्रोल मॉड्यूल जातं. स्क्रीनसाठी मूळ वायर सोलून जोड दिला असेल आणि पॉवर विंडो त्याच फ्यूजवर किंवा त्याच मॉड्यूलवर असेल, तर संबंध दाखवणं कंपनीला सोपं जातं. तसं नसेल आणि काचेची मोटर आपोआप गेली असेल, तर क्लेम टिकतो. गिअरबॉक्सची, सस्पेन्शनची वॉरंटी या कामामुळे जात नाही.

यापुढे जे बसवाल ते कपलर-टू-कपलर, म्हणजे वायर न कापता प्लगला प्लग जोडून बसवा, हॉर्नला वेगळा रिले आणि फ्यूज द्या. मूळ हार्नेसवर (वायरच्या जुडग्यावर) एकही कट नसेल तर बोट दाखवायला जागाच राहत नाही.

प्रश्न : वॉरंटीतल्या पेट्रोल गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलं तर? (वाचक, नाशिक)

उत्तर : इंजिन आणि इंधन यंत्रणेची वॉरंटी गेली असं धरूनच हिशेब करा. सीएनजी कोरडं आणि जास्त उष्णतेने जळतं, त्यासाठी न बनलेल्या इंजिनात व्हॉल्व्ह सीट लवकर झिजतात, म्हणजे नुकसानाचा संबंध खरोखरच आहे. एसी, दरवाज्यांची लॉक, स्टिअरिंग यांची वॉरंटी मात्र राहते. किट मान्यताप्राप्त हवं, आरसी बुकात आरटीओकडून नोंद हवी, विमा कंपनीला कळवलेलं हवं आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) हवी. नोंद न करता बसवलेल्या किटमुळे वॉरंटीपेक्षा विम्याचं नुकसान मोठं होतं.

प्रश्न : कंपनी दाद देत नाही. ग्राहक आयोगात वकिलाशिवाय जाता येतं का? (वाचक, पणजी)

उत्तर : येतं. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. न मिटल्यास तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात जा, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाईनही दाखल करता येतं. तुम्ही प्रत्यक्ष भरलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० रुपये. नकार मिळाल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करा आणि कंपनी व डीलर दोघांनाही पक्षकार करा. दोष सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो, म्हणून जुना भाग, कोडची प्रिंट आणि दुसऱ्या अनुभवी वर्कशॉपचा लेखी अहवाल सोबत हवा. तज्ज्ञ तपासणीची मागणी अर्जातच करा.

प्रश्न : बॅटरी आणि टायरचं काय? (वाचक, लातूर)

उत्तर : त्यांची वॉरंटी साधारणपणे त्या-त्या बॅटरी किंवा टायर कंपनीची असते, कारची नव्हे. सर्व्हिस कुठे केली याचा तिथे प्रश्नच नाही. बॅटरीच्या कार्डवर दुकानाचा शिक्का आणि विक्रीची तारीख बघून घ्या. टायरला फुगा आला तर पंक्चरवाल्याकडून कापून घेऊ नका, तसाच डीलरकडे न्या. दोष बनावटीचा ठरला तर उरलेल्या नक्षीच्या खोलीनुसार सूट मिळते. खड्ड्यात आपटल्याची खूण सापडली तर मिळत नाही.