खिळा न ठोकता भाड्याचं घर कसं आवरायचं आणि सजवायचं?

प्रश्न असा आहे: नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ भाड्याचा वन बीएचके, मालकांची खिळा ठोकायला सक्त मनाई, शिलाई मशीन नाही पण हाताने शिवता येतं, खर्च दोन हजारांच्या आत. घर आवरलेलंही दिसावं आणि जरा बरंही.

खिळा नाही म्हटल्यावर बहुतेक जण चिकट हुक आणतात. आठवड्याभरात हुक, त्यावरची पिशवी आणि तळहाताएवढा रंगाचा पोपडा एकदमच खाली येतात. मग मालकांशी बोलणं खिळ्यापेक्षा महागात पडतं. म्हणून आधी भिंत ओळखा. कोरडा तळहात भिंतीवर दाबून चार-पाच वेळा घासा. हाताला पांढरी भुकटी लागली तर भिंतीवर साधं डिस्टेंपर आहे. हुक डिस्टेंपरला घट्ट चिकटतो, पण डिस्टेंपर भिंतीला तितकं घट्ट नसतं, त्यामुळे दोष हुकाचा नसतो. अशा भिंतीला काहीही चिकटवू नका, कागदाचा कंदीलसुद्धा नको.

चिकटवायला जागा म्हणजे स्वयंपाकघरातल्या टाइल्स, काच, लोखंडी कपाट आणि सनमायका. टाइल आधी भांड्याच्या साबणाने धुवा, कारण फोडणीचा चिकट थर डोळ्यांना दिसत नाही. सुकल्यावर स्पिरिटने पुसा, हुक अर्धा मिनिट दाबून धरा आणि 24 तास त्याला काही अडकवू नका. दोन टाइल्सच्या मधल्या फटीवर हुक आला तर खालून हवा आणि पाणी शिरतं, तो सुटणारच. कडप्प्याच्या खालच्या बाजूला उलटा हुकही लावू नका. टेप खाली सरकणारं वजन पेलते, सरळ ओढून उचकटणारं वजन पेलत नाही.

बाकी सगळं असं करायचं की ते स्वतःच्या पायावर उभं राहील किंवा दारावर, ग्रिलवर टांगता येईल.

पहिलं काम खोक्यांचं. कडप्प्यावर आणि कपाटात जो पसारा दिसतो त्यातला निम्मा केवळ डबे न बसल्यामुळे असतो. एक बसतो, दुसरा तिरका राहतो. नाशिकला खोक्यांची ददात नाही. द्राक्षांच्या दिवसांत, साधारण जानेवारी ते एप्रिल, द्राक्षांची खोकी फळवाल्यांकडे रिकामी पडलेली असतात. ती उथळ असतात आणि बाजूला हवेसाठी भोकं असतात, त्यामुळे कांदे-लसूण, पायमोजे, चार्जरच्या वायरी यांसाठी ती जशीच्या तशी ट्रे म्हणून चालतात. उंच डब्यासाठी मात्र टीव्हीचं किंवा सामान हलवणाऱ्यांचं मोठं, पाच पदरी खोकं घ्या. कडेने पाहिलंत की दोन नागमोडी थर दिसतात, तेच पाच पदरी. तीन पदरी डबा ओढून काढताना पुढची भिंत वाकते.

मापाचं उदाहरण देतो. समजा कप्पा आतून 40 सेंमी रुंद, 38 खोल आणि 27 उंच आहे. त्यात दोन डबे शेजारी बसवायचे. इथे हमखास चूक होते: 40 भागिले 2 म्हणून 20 सेंमीचा डबा कापला जातो. पाच पदरी पुठ्ठा 6 ते 7 मिमी जाड असतो, दोन डब्यांच्या मिळून चार भिंती होतात, म्हणजे अडीच सेंमी नुसत्या जाडीत गेले. वर कापड आलं आणि बोटं घालायला जागाही हवी. म्हणून डबा आतून 17 रुंद, 34 खोल, 20 उंच धरा. वर 7 सेंमी मोकळे राहतात, ते हात घालायला लागतात.

त्यासाठी 57 बाय 74 सेंमीचा तुकडा घ्या (17 अधिक दोन्हीकडे 20, तसंच 34 अधिक दोन्हीकडे 20) आणि चारही कोपऱ्यांतून 20 बाय 20 चा चौकोन काढून टाका. पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या 57 सेंमीच्या दिशेने जातील असा तुकडा ठेवा, म्हणजे लांब भिंतींत त्या उभ्या राहतात आणि भार घेतात. नळ्या आडव्या आल्या तर डब्यावर डबा ठेवताच भिंत बसते. दुमडायच्या रेषेवर डब्याच्या बाहेरच्या बाजूने कटर अर्ध्या जाडीपर्यंतच चालवा. कटर 18 मिमी पात्याचा, पट्टी स्टीलची. प्लास्टिकची पट्टी पातं खातं आणि मग बोट खातं. पातं बोथट झालं की पुठ्ठा कापला न जाता चुरगळतो, म्हणून दोन डब्यांनंतर पात्याचा एक तुकडा मोडून टाका. कोपरे आणि अर्धवट कापलेल्या रेषा यांना कागदी टेप लावा. चकचकीत ब्राउन टेपवर फेविकॉल धरत नाही, त्या जागी कापडाला फुगे येतात.

कापड म्हणून जुनी सुती साडी उत्तम. बाहेरच्या वेढ्याला 110 बाय 26 सेंमीची पट्टी लागते: 20 उंची, 2 तळाखाली वळवायला, 4 आत दुमडायला. साडीचा पन्हा साधारण तेवढाच असतो, म्हणून आडव्या पट्ट्या काढा. हिशोबाने एका साडीत वीस पट्ट्या निघतात, पण वीस डबे करू नका, सहा पुरे. कापडाला इस्त्री करून घ्या. फेविकॉल कापडाला नाही, पुठ्ठ्याला लावायचा, जुन्या कार्डाने ओढून पातळ, पाणी न घालता. पाणी घातलं की पुठ्ठा पितो आणि एका बाजूने ओला झाल्यामुळे धनुष्यासारखा वाकतो. वाकू नये म्हणून आतूनही कागद किंवा कापड चिकटवा. दोन्ही बाजू सारख्या ताणल्या की भिंत सरळ राहते. एका डब्याला 50 ते 70 ग्रॅम फेविकॉल पुरतो. पातळ सिंथेटिक साडीतून त्याचे डाग वर दिसतात, आधी कोपऱ्यावर लावून बघा. मैद्याची खळ स्वस्त पडते, पण झुरळं आणि कसर यांना ती आमंत्रण असते. स्वयंपाकघरात तरी नको.

मूठ म्हणून भिंतीला मोठं भोक पाडू नका, ते वर्षभरात फाटतं. दोन चिरा पाडून त्यातून 15 सेंमी निवार पट्टी ओवा आणि आतून तिची टोकं एकेका मोठ्या बटणाला शिवून टाका.

फेविकॉलचं आणि नाशिकच्या हवेचं नातंही ध्यानात ठेवा. डिसेंबर-जानेवारीत इथला किमान पारा 10 अंशांच्या खाली जातो. रात्री गॅलरीत सुकत ठेवलेला जोड सकाळी पांढरा, खडूसारखा दिसला तर समजा तो धरलाच नाही. गारठ्यात फेविकॉलची सलग पापुद्र्यासारखी फिल्म बनत नाही. तो खरवडून, खोलीच्या आत पुन्हा लावावा लागतो. पावसाळ्यात उलट, धरतो पण वेळ घेतो. एरवी रात्रभरात पक्कं होणारं काम श्रावणात दोन दिवस दाबून ठेवा. पुठ्ठ्याचे डबे पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, मागे तीन बोटं जागा सोडा, नाहीतर पाठीमागे बुरशी येते. आणि प्लास्टिकच्या क्रेटला काही चिकटवायच्या भानगडीत पडू नका. ते ज्या प्लास्टिकचं असतं त्याला घरातला कुठलाही गोंद धरत नाही, फेविक्विकसुद्धा. तिथे भोकांतून दोरी ओवून बांधणं हाच उपाय.

दुसरं काम दारामागचं. बेडरूमच्या दाराची मागची बाजू म्हणजे फुकटची भिंत. तिथे मांजरपाटाची कप्प्यांची झालर टांगा. दीड मीटर पुरेल असं दुकानदार म्हणेल, तुम्ही सव्वादोन मीटर घ्या आणि आधी पाण्यातून काढा, मांजरपाट आटतो. पाठीला 59 बाय 120 सेंमीचा तुकडा, शिवून तो 55 बाय 110 होईल. त्यात वर-खाली 4 सेंमीची नेफ्यासारखी जागा ठेवा, तिच्यातून 20 मिमीचा पीव्हीसी पाइप जातो. खालचा पाइप लोक वगळतात आणि मग दार उघडताना सगळी झालर डोलत राहते.

कप्प्यांसाठी 71 बाय 23 च्या चार पट्ट्या. पट्टी पाठीपेक्षा लांब का? सपाट शिवलेल्या कप्प्यात रुमाल सोडून काही बसत नाही. एका ओळीत तीन कप्पे, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना तळाशी 1 सेंमीची चुणी. एक चुणी 2 सेंमी कापड खाते, म्हणजे ओळीला 12 सेंमी जास्तीचे. पट्टीची वरची कड आधी दुमडून शिवा, मग खालून वर ओळी लावत जा. धावदोरा पुरणार नाही, दुहेरी दोऱ्याने टीप घाला आणि कप्प्याच्या वरच्या कोपऱ्यांत चार-पाच टाके एकावर एक. सगळा ताण तिथेच येतो. चपला आणि जड वस्तू खालच्या ओळीत, एकूण वजन दोन-अडीच किलोपर्यंत.

टांगायला दाराच्या वरच्या कडेवर बसणारे 1 मिमी पत्र्याचे चपटे हुक मिळतात. घेण्यापूर्वी दार बंद करून वरच्या फटीत दोन एटीएम कार्डं एकावर एक सरकवून बघा. गेली तर हुक बसेल. ही परीक्षा उन्हाळ्यात घेत असाल तर तीन कार्डं जायला हवीत, कारण पावसाळ्यात लाकडी दार फुगतं आणि जुलैत तेच दार हुकावर अडकून बसतं.

सजावटीत सर्वात कमी श्रमाचं काम सुतळीच्या बाटल्यांचं. नाशिकला वाइनच्या बाटल्या भंगारवाल्याकडे सहज मिळतात. लेबल काढायला धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात तासभर बुडवा, राहिलेला चिकटा खोबरेल आणि खायचा सोडा चोळला की निघतो. सुतळी किती लागेल याचा हिशोब: घेर गुणिले उंची भागिले सुतळीची जाडी. साडेसात सेंमी जाडीच्या बाटलीला 3 मिमी सुतळी 20 सेंमी उंचीपर्यंत गुंडाळायची तर साधारण पावणेसोळा मीटर. मान धरून 20 मीटर घ्या. अर्ध्यात संपून मध्ये गाठ आली की ती लपत नाही. फेविकॉल एका वेळी चार-पाच वेढ्यांपुरताच लावा आणि तळापासून सुरुवात करा. सुतळीला रॉकेलसारखा वास येतो, तो ताग मऊ करायला वापरलेल्या तेलाचा. दोन दिवस उन्हात टाका. हॉट ग्लू इथे नको. उन्हात तापणाऱ्या खिडकीत तो मऊ पडतो आणि वेढे घसरतात.

त्यात मनीप्लँट लावणार असाल तर बाटली हिरवी किंवा तपकिरी घ्या, पारदर्शक काचेत शेवाळ लवकर धरतं. आठवड्यातून एकदा पाणी ओतून बाटली आतून ब्रशने घासायची, नुसती भर घालायची नाही. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्याच्या कडेला अंडी घालतो. दोरा पेटवून बाटली कापण्याचे व्हिडिओ दिसतील, ते सोडून द्या. काठावर न दिसणाऱ्या चिरा राहतात.

भिंतीसाठी एक गेरूची पाटी करा. पाच पदरी पुठ्ठ्याचे 45 बाय 60 चे दोन तुकडे, नळ्या एकमेकींना काटकोनात ठेवून चिकटवा आणि पुस्तकांच्या गठ्ठ्याखाली रात्रभर दाबा. चार चमचे गेरूची पूड, एक चमचा फेविकॉल, ताकाइतकं पातळ होईल एवढं पाणी. दोन हात द्या. फेविकॉल विसरलात तर गेरू येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कपड्यांना लागेल. त्यावर पांढऱ्या ॲक्रिलिकने वारली चित्र. पेठ-सुरगाण्याकडे वारली वस्ती आहे, तांदळाच्या पिठाची रीत तिथली, पण पुठ्ठ्यावरचं पीठ कसर खाते. बांबूची काडी टोकाला ठेचून ब्रश करा, रेघ बाजारातल्या ब्रशपेक्षा जिवंत येते. ही पाटी टांगायची नाही, कपाटावर किंवा टेबलावर भिंतीला टेकवून उभी करायची. पाय सरकू नये म्हणून खाली सायकलच्या ट्यूबची पट्टी.

घरात जुनी, विरलेली येवल्याची पैठणी असेल आणि तिचा पदर फ्रेम करावासा वाटत असेल तर तिला गोंद लावू नका. रेशीम कडक होऊन चिरतं. मलमलीवर बारीक टाक्यांनी ठेवा, काच पदराला टेकणार नाही अशी पट्टी मध्ये घाला, आणि जिथे ऊन येतं तिथे फ्रेम ठेवू नका. चांदीच्या जरीला काळपटपणा येतोच, तो घासून काढायचा नाही.

सामान सगळं रविवार कारंजा-मेनरोडच्या भागात मिळेल: फेविकॉल अर्धा किलो, कटर आणि जादा पाती, कागदी टेप, मांजरपाट सव्वादोन मीटर, निवार पट्टी दोन मीटर, सुतळी, गेरू, एक छोटी पांढऱ्या रंगाची बाटली. पाइप हार्डवेअरवाल्याकडून कापून घ्या, 55 सेंमीचे दोन. शनिवारी सकाळी डबे चिकटवलेत तर ते सुकेपर्यंत दारामागची झालर शिवून होते. आणि स्वयंपाकघरातल्या झाकणाच्या डब्यांना नावाच्या चिठ्ठ्या लावाल तेव्हा झाकणावर नाही, अंगावर लावा. झाकणं आठवड्यात अदलाबदल होतात आणि मग साखरेत मीठ सापडतं.