आयरिश शब्दांचा आरंभ का बदलतो?

प्रश्न : आयरिशमध्ये नामाचे पहिलेच अक्षर का बदलते? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : ‘चादर’चे ‘चादरीला’, ‘सोलापूर’चे ‘सोलापुरात’ होताना बदल शब्दाच्या शेवटाकडे होतो, आयरिशमध्ये मात्र तो पुष्कळदा आरंभी होतो. ‘बॅन’ म्हणजे स्त्री, पण ‘अन’ हे निश्चितार्थी उपपद (इंग्रजीतल्या ‘the’सारखे) लागताच ‘अन व्हॅन’ असे ऐकू येते, तर ‘फॅर’ म्हणजे पुरुष हे नाम पुल्लिंगी असल्याने ‘अन फॅर’ असेच राहते. कारण जुने आहे : स्त्रीलिंगी उपपद पूर्वी स्वरान्त असे, दोन स्वरांमध्ये सापडलेले व्यंजन मऊ झाले, पुढे तो स्वर गळाला आणि मऊपणा तेवढा उरला. नामामागून येणारे विशेषणही तसेच वागते : ‘मोर’ म्हणजे मोठा, म्हणून ‘फॅर मोर’, पण ‘बॅन व्होर’. षष्ठीत चित्र उलटते, आणि मला हीच जागा सर्वांत सुंदर वाटते : ‘पुरुषाचा’ म्हणताना ‘फ’ लोपून ‘अन इर’ होते, तर ‘स्त्रीचा’ म्हणताना उपपदच बदलून ‘ना म्ना’.