चार सुती बोल्ट आणि डार्ली डेलची कबर

प्रश्न : मुलीकडे इंग्लंडला गेले होते. डर्बीशायरमधल्या डार्ली डेल गावी, सेंट हेलेन चर्चच्या आवारात सर जोसेफ व्हिटवर्थ यांची कबर पाहिली. आवारात यूचं एक प्रचंड जुनं झाडही आहे. सासऱ्यांच्या कारखान्यात टॅपच्या (भोकात आटे पाडायच्या हत्यारांच्या) डब्यावर 'व्हिटवर्थ' लिहिलेलं असायचं. हेच का ते?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हो ताई, हेच ते. तुमचं पत्र वाचून मी आधी माझा टॅपचा डबा काढला. उद्यमनगरात लेथवर माझी उमर गेली. तिथे या आट्यांना आम्ही 'बीएसडब्ल्यू' म्हणायचो, म्हणजे ब्रिटिश स्टँडर्ड व्हिटवर्थ. त्यातला शेवटचा 'डब्ल्यू' म्हणजे हे इंग्रज यंत्रतज्ज्ञ व्हिटवर्थ.

त्यांच्या आधी ज्या त्या कारखान्याचे आटे वेगळे. एकाकडचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसायचा नाही. व्हिटवर्थ यांनी अनेक कारखान्यांतले बोल्ट गोळा करून ताडून पाहिले आणि १८४१ मध्ये प्रमाण मांडलं : आट्याचा कोन ५५ अंश, आणि कोणत्या जाडीला इंचात किती आटे तेही ठरलेलं. चार सुती, म्हणजे अर्ध्या इंची बोल्टला १२. यूएनसी या अमेरिकन प्रमाणाच्या बोल्टला त्याच जाडीत १३ आटे, कोन ६० अंश. शिकाऊ असताना मी असा अमेरिकन बोल्ट व्हिटवर्थ आट्यांच्या कास्टिंगमध्ये (ओतीव भागात) पाना लावून दामटला आणि चांगल्या कास्टिंगचे आटे गेले. मिस्त्री ओरडले नाहीत. आटे मोजायचं पिच गेज हातात देऊन म्हणाले, "मोज." ती सवय आजही सुटलेली नाही.

मला त्यांचं याहून मोठं वाटतं ते सपाट पृष्ठाचं काम. दोनच प्लेटा एकमेकींवर घासल्या तर एक खोलगट, दुसरी फुगीर होऊनही त्या चपखल बसतात. म्हणून तीन घ्यायच्या, आळीपाळीने जुळवायच्या आणि उंचवटा दिसेल तिथे स्क्रेपरने खरडायचं. तिन्ही जोड्या जुळल्या की सपाटी खरी. सपाटी तपासायच्या आमच्या सरफेस प्लेटमागे हीच रीत होती.

१८८७ च्या जानेवारीत माँटे कार्लोला ते वारले. घर डार्ली डेललाच, स्टॅनक्लिफ हॉलमध्ये. म्हणून कबर तिथे. दोन लग्नं झाली, मूल नव्हतं. होतकरू पोरांनी यंत्रविद्या शिकावी म्हणून १८६८ मध्येच त्यांनी मोठी रक्कम देऊन शिष्यवृत्त्या सुरू केल्या होत्या. त्या आजही दिल्या जातात.

सासऱ्यांचा डबा घरात असेल, तर ताई, भंगारात देऊ नका. टॅपना तेलाचा हात फिरवा.